बुधवारचं जेवण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे दर बुधवारी रात्री मित्रमंडळी जेवायला असतात हे कळलं की लोक तेच तेच प्रश्न विचारतात. लिफ्टमध्ये विचारतात, मंडईत विचारतात, लग्नाच्या पंगतीत तर हमखास. म्हणून एकदाच लिहून ठेवते. आमचं घर सांगलीत, विश्रामबागेत. नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, ओट्याशी एकावेळी एकच माणूस नीट उभं राहील एवढं स्वयंपाकघर. सल्ले त्या मापाचे आहेत. बंगलेवाल्यांनी आपापल्या हिशेबाने वाढवून घ्यावेत.

हे नेमकं असतं काय?

बुधवारी रात्री आठला आमच्या घरी जेवण. ठरलेली दहाएक माणसं आहेत, त्यांतली सहा-सात येतात. आमंत्रण नसतं, निमित्तही नसतं. कुणाचा वाढदिवस त्याच दिवशी आला तर केक आपापल्या घरी कापून यावं. दुपारी चारपर्यंत ग्रुपवर ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच टाकायचं. ‘नाही’ला कुणी कारण विचारायचं नाही, हा नियम मी कडक ठेवलाय. कारण द्यावं लागलं की माणूस पुढच्या खेपेला खोटं कारण देतो आणि त्याच्या पुढच्या खेपेला ग्रुपच म्यूट करतो.

म्हणजे भिशीच की!

भिशीत पैसा फिरतो आणि पाळीही फिरते. पाळी फिरली की चढाओढ आलीच. पहिल्या घरी पावभाजी, दुसऱ्या घरी पावभाजी आणि गुलाबजाम, तिसऱ्या घरी केटररचा माणूस टोपी घालून उभा. मग चौथ्या घरची बाई पंधरा दिवस आधीपासून पडदे धुवायला काढते. रस्सा मंडळाचा प्रकार निराळा. कुणाच्या तरी रानात चूल मांडायची, मटण शिजवायचं, रात्री उशिरापर्यंत बसायचं. झकास असतं, पण महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, आणि बहुतेक वेळा फक्त पुरुषांचं.

दोन्ही चालू ठेवा. पण ते कार्यक्रम आहेत, आणि कार्यक्रम म्हटलं की सवड शोधावी लागते. कामाच्या दिवशी रात्री जेवावं तर लागतंच. तेच जेवण चार माणसं वाढवून करायचं, एवढाच आमचा उद्योग.

बुधवारच का?

एकेक वार खोडत गेलं की बुधवारच उरतो. सोमवारी महादेवाचा उपास. मंगळवारी गणपतीचा, आणि सांगलीत गणपतीचं प्रस्थ काय सांगायचं! गुरुवारी निम्मी माणसं दत्ताची. त्यांतली काही नरसोबाच्या वाडीला जाऊन रात्री उशिरा परततात. शनिवार मारुतीचा. शुक्रवारी संध्याकाळी बाहेरगावी शिकणारी पोरं घरी येतात, आणि रविवारी एकतर गावाकडे जाणं असतं नाहीतर घरात मटण असतं.

संकष्टी नि एकादशी मात्र कुठल्याही वारी येतात. त्यांची आठवण करून द्यायला एक मैत्रीण नेमली आहे, ती कालनिर्णय बघून मंगळवारीच ग्रुपवर टाकते. संकष्टी असली तर चंद्रोदय होईपर्यंत दोघं-तिघं ताट न घेता बसतात. चंद्र उशिरा असला की त्यांचं जेवण दहाला. त्यांच्यासाठी भाकरी झाकून ठेवायची, बाकीच्यांनी खोळंबायचं नाही.

तुमच्या मंडळींचा वार वेगळा निघू शकतो. पण एकदा ठरला की हलवायचा नाही. ‘या आठवड्यात गुरुवारी करू का?’ असं विचारलंत की दहा माणसांचे दहा फोन सुरू होतात. बुधवारी तुम्हाला जमत नसेल तर त्या आठवड्यात जेवण नाही, मामला खतम.

करायचं काय? रोज नवीन पदार्थ सुचत नाहीत.

नवीन सुचवायचेच नाहीत. आमच्याकडे चारच बेत आहेत आणि ते आळीपाळीने येतात. अख्खा मसूर आणि भाकरी. पिठलं-भाकरी-खर्डा. कटाची नाही, साधी चिंचगुळाची आमटी आणि भात, बरोबर एखादं कोरड्यास. आणि पावसाळ्यात वरणफळं, त्यांत वरून तूप सोडून. थंडीत कृष्णाकाठची वांगी बाजारात आली की पिठल्याच्या जागी भरीत किंवा भरलं वांगं. ती मऊ, बी कमी असलेली वांगी मिळत असताना दुसरं काही करणं मला पटत नाही.

चारांत अख्खा मसूर सगळ्यांत सोयीचा, म्हणून तोच सविस्तर सांगते. इस्लामपूर-कराडकडच्या हॉटेलांनी त्याचं नाव केलं. घरी करायला मात्र त्याहून सोपा पदार्थ नाही.

आठ माणसांना अर्धा किलो अख्खे मसूर पुरतात. डाळ नव्हे, सालासकटचे तपकिरी. सकाळी कामाला निघताना धुऊन पाण्यात टाकायचे, संध्याकाळी आल्यावर कुकरला दोन शिट्ट्या. भिजवायचे राहिले तर चार शिट्ट्या काढा, काही अडत नाही. दाणा बोटांत दाबला तर चेपला पाहिजे पण दिसायला अख्खा राहिला पाहिजे. शिटी मोजायला विसरलात आणि त्याचं वरण झालं, तर त्याला मसुराची आमटी म्हणा आणि भात लावा.

कुकर होईपर्यंत जाड बुडाच्या पातेल्यात पळीभर तेल, जिरं, चार मोठे कांदे अगदी बारीक चिरून. कांद्याला घाई करू नका. कडा तपकिरी व्हायला पंधरा मिनिटं तरी लागतात, आणि सगळी चव तिथेच ठरते. मग आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण, भाजून कुटलेलं मूठभर सुकं खोबरं, तीन टोमॅटो, हळद. शेवटी कांदा-लसणाची आपली लाल चटणी, दोन ते तीन चमचे. ती ज्या घरची असेल त्या घरच्या तिखटाचा अंदाज घ्या. आमच्या शेजारच्या काकूंची चटणी दोन चमच्यांत घाम फोडते. तेल सुटलं की मसूर आणि त्यांचंच पाणी ओतायचं, मीठ घालायचं आणि मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं राहू द्यायचं. रस्सा वाढवायचा झाला तर उकळतं पाणीच घाला. गार पाणी पडलं की तर्री बसते.

बरोबर कच्चा कांदा, लिंबू, शेंगदाण्याची चटणी, ताक. इतकंच.

भाकऱ्या कोण थापत बसणार?

कुणीही नाही. हा प्रश्न बायकाच विचारतात आणि अगदी बरोबर विचारतात. किलोभर ज्वारीच्या पिठात मध्यम आकाराच्या दहा ते बारा भाकऱ्या होतात. आठ माणसांना सोळा-सतरा लागतात, म्हणजे दीड किलो पीठ आणि तव्यापुढे तासभर. बाहेर हसणं चाललंय आणि आत एकटी बाई भाकरी उलटतेय, असलं मित्रमंडळ मला नको. आम्ही पोळी-भाकरी केंद्रातून आणतो. सकाळीच आकडा सांगायचा, येताना वाटेवरचा कुणीतरी साडेसातला उचलून आणतो. आल्या की सुती कापडात गुंडाळून बुट्टीत.

कुणाला हौस असेल तर तिने किंवा त्याने जरूर थापाव्यात. आमच्यातला एक मिरजेचा मित्र उत्तम भाकरी करतो, त्याचा तवाही त्यानेच आणून ठेवलाय. एकच सूचना : पीठ ताजं दळलेलं हवं. जुन्या पिठाची विरी जाते, मग कितीही गरम पाण्याने मळा, थापताना कडा फाटणारच.

मांसाहार ठेवायचा का?

आम्ही ठेवत नाही. तत्त्व वगैरे काही नाही. एकाच ताटात सगळ्यांना बसवायचं तर शाकाहार सोपा पडतो. दोन रस्से केले की दोन पळ्या आल्या, दोन पातेली आली, ‘ही त्यात घातली नाहीस ना?’ आलं. शिवाय श्रावण आणि मार्गशीर्षात मंडळी अर्ध्यावर येते. मटण रस्सा मंडळात खावं, तिथे ते जास्त चांगलं लागतं.

आमच्यात जैन मित्र आहेत. ते रात्री जेवत नाहीत. त्यांचं काय?

सांगलीत कुणाच्याही मंडळीत हा प्रश्न येणारच, म्हणून जरा नीट सांगते. आमच्यातलं एक जोडपं सूर्यास्तानंतर जेवत नाही. आपल्याकडे जून-जुलैत सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो, डिसेंबरात सहाच्या सुमाराला. म्हणजे उन्हाळ्या-पावसाळ्यात ते साडेसहाला येऊन जेवू शकतात, थंडीत ऑफिस सुटून येईपर्यंत अंधार पडतो. मग थंडीत ती दोघं घरी जेवून येतात आणि नुसती गप्पांना बसतात. ‘निदान ताक तरी घ्या’ असा आग्रह करायचा नाही. काहीजण सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. ताटाशिवाय बसलेल्या माणसाला सारखी त्याची आठवण करून देणं वाईट.

ते जेवणार असतील त्या बुधवारी कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, ओलं आलं हे सगळं बाहेर. सुंठ चालते. हळदीची पूड चालते, ओली हळद नाही. त्या दिवशी आमच्याकडे चिंचगुळाची आमटी, भात आणि दोडक्याची नाहीतर घेवड्याची भाजी असते, सगळ्यांना तीच. कांदा लागणाऱ्यांनी एक रात्र दम धरावा. चातुर्मासात आणि पर्वाच्या दिवसांत पालेभाजीसुद्धा बरेचजण सोडतात. नियम घराघराचे वेगळे असतात, तेव्हा अंदाज बांधण्यापेक्षा फोन करून विचारा. विचारल्याचा कुणालाच राग येत नाही.

रमजान आला की भाकरीवाल्या मित्राचं बरोबर उलटं. त्याला सूर्यास्तानंतरच तोंडात घालता येतं. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, आता तो थंडी-उन्हाळ्याच्या सांध्यावर आलाय. त्या दिवसांत आमच्या घरी साडेसहाच्या आधी एक पंगत उठते आणि मग खजुराची वाटी पुढे येते. मधल्या वेळात जेवून झालेले आणि जेवायचे असलेले दोघंही घड्याळाकडे बघत असतात. नंतर त्याला तरावीहच्या नमाजाला जायचं असतं, म्हणून त्याचं ताट आठची वाट बघत नाही.

खर्च कसा वाटून घेता?

घेत नाही. मसूर, तांदूळ, भाकरी, चार कांदे यांचा हिशेब मांडण्याइतका तो खर्चच नाही, आणि दर बुधवारी मोबाइलवरून शंभर-शंभर रुपये पाठवायला लागलो की ती खानावळ झाली. रिकाम्या हाताने कुणी येत नाही, तेवढं पुरे. एकजण दही आणते, एकजण केळी. तासगावकडचा एकजण घरचे बेदाणे आणतो. कुणीच काही ठरवून आणत नाही, त्यामुळे एखाद्या बुधवारी तीन पुडे भडंग येतात आणि दही नसतं. मग भडंग खायचं.

मात्र तुमचा हात त्या महिन्यात तंग असेल तर सरळ अंगत-पंगत करा. प्रत्येकाने आपल्या घरचा डबा आणायचा आणि मधे ठेवायचा. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

घरातल्या बाईवर सगळं येत नाही का?

येतं, जर तुम्ही येऊ दिलंत तर. आमच्यात ठरलंय : मसूर माझा, पिठलं आणि भात नवऱ्याचा. ताटं मांडणं, पाणी भरणं, खरकटं काढणं हे आलेल्यांचं. पाहुण्याला काम सांगायला आपल्याला जड जातं. सुरुवातीला मलाही जायचं, कारण पाहुणा उठला की ‘राहू दे, राहू दे’ हे आपोआप तोंडातून निघतं. ते तोंड बंद ठेवायला शिकावं लागतं. ज्याच्या हातात एकदा पळी आली तो पुढच्या वेळेपासून पाहुणा राहत नाही. आता त्यांना माझ्या घरातला साखरेचा डबा माझ्यापेक्षा लवकर सापडतो.

सासूबाई असतात आमच्याकडे. त्यांना सुरुवातीला पटलं नव्हतं, बाहेरच्यांनी भांडी उचलायची म्हणजे काय! त्यांना आठच्या आधी, त्यांच्या वेळेला ताट वाढून देते. नंतर त्या येऊन खुर्चीत बसतात आणि कुणाचं वजन वाढलंय ते सांगतात.

भांडी?

स्टीलची ताटं, आपापलं घासून पालथं घालायचं. कागदी पत्रावळ्या आणू नका. त्या आल्या की पुन्हा कार्यक्रम झाला. पातेलं आणि कुकर यजमानाचा.

लोक ऐनवेळी वाढले किंवा आलेच नाहीत तर?

वाढले तर मसुरात दोन वाट्या उकळतं पाणी, चिमूट मीठ आणि भाताचा कुकर. भात दर माणशी मूठ-दीड मूठ तांदूळ धरला की होतो. म्हणून घरात इंद्रायणी कायम ठेवा, पंधरा-वीस मिनिटांत अडचण मिटते.

आलेच नाहीत तर? एखादा बुधवार असा येतोच की चारला सगळीकडे ‘नाही’. लग्नसराई, दिवाळीची साफसफाई, नाहीतर क्रिकेट. आम्ही तरी मसूर करतो. दोघांचं जेवण करायचंच असतं, आणि उरलेला मसूर दुसऱ्या दिवशी डब्यात जास्त चांगला लागतो. नाराजीचा मेसेज टाकू नका, ‘आज कुणीच नाही का?’ असा तर मुळीच नाही. पुढच्या बुधवारी नेहमीसारखं आठला.

किती वाजता संपवता? लोक उठतच नाहीत.

दहाला. सकाळी सगळ्यांना कामं आहेत. आमच्याकडे साडेनऊला बडीशेपेची वाटी फिरते, आणि तिचा अर्थ सगळ्यांना कळतो. चहा मात्र विचारू नका. जेवणावर चहा टाकला की आणखी तासभर गेला. दारात उभं राहून वीस मिनिटं बोलायची आपली जी पद्धत आहे तिला माझ्याकडे इलाज नाही.

दारू?

नाही. ज्यांना बसायचंय ते शनिवारी वेगळे बसतात.

मुलांना आणायचं का?

जरूर. त्यांना आधी, साडेसातला भात-वरण देऊन टाकायचं. दहावी-बारावीवाल्यांना आग्रह नको, ती येऊन निमूट जेवून जातात आणि तेवढंच त्यांना हवं असतं. मोठ्यांनी ताटावर बसलेल्या पोराला मार्क विचारायचे नाहीत. हा नियम आमच्या मुलीने केला आणि तो मोडणाऱ्याला भांडी दुप्पट.

राजकारणावरून भांडणं होतात.

होऊ देत. कारखान्याची निवडणूक लागली की सांगली जिल्ह्यात दोन माणसं एका मताची सापडणं मुश्कील. आवाज चढला की मी भाकरी वाढायला घेते. पुढच्या बुधवारी परत तोंड दाखवायचंय हे माहीत असलं की माणूस शेवटचा शब्द गिळतो. लग्नात नाहीतर फोनवर तो गिळत नाही.

मी सांगलीत नवीन आहे. बोलवायला माणसंच नाहीत.

मग दोघांपासून सुरू करा. ऑफिसातला एक, जिन्यातला एक. वालचंद कॉलेजात, कुपवाडच्या एमआयडीसीत, मिरजेच्या दवाखान्यांत बाहेरून आलेली किती माणसं संध्याकाळी एकटी जेवतात, त्यांना फक्त कुणी विचारत नाही. ‘या एकदा जेवायला’ म्हणू नका. त्याचा अर्थ ‘येऊ नका’ असा होतो हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. ‘बुधवारी आठला मसूर-भाकरी आहे, ये’ असं म्हणा. आणि तो आला की जाताना ‘पुढच्या बुधवारी पण आहे’ एवढं सांगा. पहिल्या दोन-तीन वेळा अवघडल्यासारखं होतं, बोलायला विषय सापडत नाहीत. तेव्हा त्याला कांदा चिरायला द्या. हात कामात असले की तोंड सुटतं.

नवीन माणूस आणायचा असेल तर आम्ही एकच विचारतो : तो पुढेही येणार आहे का? एका दिवसाच्या पाहुण्याला बुधवार दाखवायला आणू नका, त्याच्यासाठी सगळे नीट बसायला लागतात.

पावसाळ्यात बंद ठेवता का?

पावसासाठी नाही, पाण्यासाठी. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. पातळी ४० च्या दिशेने सरकू लागली की गावभागातली नि मारुती चौकातली मंडळी सामान माळ्यावर टाकायला लागतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, ते कुणी विसरलेलं नाही. तेव्हा नदी ४० फुटांवर गेली की बुधवार आपोआप रद्द. विश्रामबाग उंचावर असल्याने ज्यांना राहायला यायचंय त्यांच्यासाठी गाद्या तयार असतात, आणि त्या दिवसांत जेवण रोजच असतं.

उरलेल्या अन्नाचं काय करता?

ज्याचा डबा रिकामा आहे तो भरून नेतो. एकट्या राहणाऱ्यांचा पहिला हक्क. भात मात्र रात्रभर ओट्यावर ठेवू नका. शिजलेला भात उबेत राहिला की त्यात पोट बिघडवणारे जंतू वाढतात, आणि त्यांचं विष फोडणी देऊन परतलं तरी जात नाही. शिजल्यापासून दोन तासांच्या आत, पसरट भांड्यात गार करून फ्रिजमध्ये. मसूरही त्याच रात्री फ्रिजमध्ये, सकाळी खळखळून उकळून डब्यात. भाकऱ्या उरल्या तर चुरून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन गुरुवारचा नाश्ता. गुरुवार धरणाऱ्यांनी ती भाकरी आदल्या रात्रीच संपवावी.